‘क्लिअरली’ म्हणजे कोणाला?

बी.एस्सी.ची मुलं गणिताचे पेपर लिहिताना एक युक्ती करतात. एखादी पायरी जमत नसली की तिथं ‘क्लिअरली’ असा इंग्रजी शब्द टाकायचा आणि खालच्या ओळीवर जायचं. पुस्तकंही तेच करतात, त्यामुळे मुलांना दोष देता येत नाही. आमच्या कॉलेजातले सर मात्र त्या शब्दावर आडवी रेघ ओढत आणि वर लाल शाईनं मराठीत लिहीत, ‘कोणाला?’ मार्क कापत नसत. पण ज्याच्या पेपरात हा शब्द सापडला त्याला विभागात येऊन ती पायरी फळ्यावर लिहून दाखवावी लागे. बहुतेकांना ती येत नसे. सर थोडा वेळ वाट पाहत आणि म्हणत, “झालं. आपल्याला हे येत नाही, एवढं आज आपल्याला आलं.” ‘आपल्याला’ म्हणत. त्यात टोमणा नसे, म्हणून मुलं घाबरत असूनही परत येत.

मी त्या कॉलेजात लेक्चरर म्हणून लागले ती नव्वदच्या दशकाची सुरुवात होती. मी सव्वीस वर्षांची, सर पन्नाशीला टेकलेले. पहिल्या दिवशी स्टाफरूममध्ये मी रीतीप्रमाणे विचारलं, “कसे आहात सर?” ते विचारात पडले. बराच वेळ काही बोलले नाहीत तेव्हा मला वाटलं, यांना ऐकू कमी येत असावं. मी चहा घेऊन खिडकीकडे गेले. दुसऱ्या दिवशी जिन्यात मला थांबवून म्हणाले, “मॅडम, काल तुम्ही विचारलंत. उजवा गुडघा सोडला तर बरा आहे.”

असं सगळ्यांच्याच बाबतीत होई. शिपायानं सहज विचारलं की सर, आज पाऊस येईल का, तर दुसऱ्या दिवशी त्याला बोलावून सांगायचे, “काल मला सांगता आलं नाही रे.” शिपाई म्हणायचा, काल तर आला की सर पाऊस. “हो, पण मला सांगता आलं नव्हतं.” स्टाफरूममध्ये यावर हशा पिकायचा. मीही हसायचे. हा माणूस प्रश्नाला फार मानतो, हे कळायला मला काही वर्षं लागली.

मखमलाबादला त्यांचा मळा होता. थोरले भाऊ, त्यांना सगळे दादा म्हणत, मळा बघायचे. झेंडू, शेवंती, ॲस्टर आणि बांधाच्या कडेनं भाजीपाला. दादा सातवीत शाळा सोडून मळ्यात उतरले म्हणून धाकटा शिकला, हे त्या घरात कोणी बोलून दाखवत नसे, पण सगळ्यांना माहीत होतं. सर सकाळी लुनावर फुलांचे दोन गठ्ठे बांधून बाजारात टाकून मग पहिल्या तासाला येत. शर्टाच्या खिशात खडूबरोबर पाकळ्या असत. बोटं पिवळी. नवी मुलं विचारत, हळद लागली का सरांना? सर म्हणत, “झेंडू आहे.”

त्यांचा विषय असा होता की आमच्या विभागातसुद्धा तो कोणाला धड कळत नसे. मला एम.एस्सी.ला त्याचा थोडा वास लागला होता, एवढंच. रिअल अल्जिब्राइक ग्रुप, म्हणजे समीकरणांतून निघणारे, रिअल आकड्यांत मांडलेले ग्रुप, आणि त्यांची रिप्रेझेंटेशनं. मी एकदा विचारलं, “सर, माझ्या आईला सांगायचं झालं तर रिप्रेझेंटेशन म्हणजे काय सांगू?” उत्तर चार दिवसांनी आलं.

“आईंना सांगा, ग्रुप हा एखाद्या माणसासारखा असतो. नुसता बघून कळत नाही. तो घरी कसा वागतो, सासरी कसा वागतो, बाजारात कसा, दवाखान्यात कसा, ही त्याची रिप्रेझेंटेशनं. एका ठिकाणी बघितलं तर फसगत होते. सगळी जमवली तर माणूस कळतो.”

“सगळी जमवता येतात?”

“तेच तर काम आहे. यादी करायची आणि सिद्ध करायचं की हीच सगळी, याच्या पलीकडे एकही नाही.”

ही यादी ते अकरा वर्षं करत होते. पुण्याच्या एका वयस्कर प्राध्यापकांकडे त्यांनी पीएच.डी.साठी नाव नोंदवलं होतं. कॉलेजची नोकरी, मळा आणि हे. एका ठरावीक जातीच्या मोठ्या ग्रुपांची सगळी रिप्रेझेंटेशनं त्यांच्या पोटातल्या लहान ग्रुपांवरून उभी करता येतात, आणि अशी उभी केलेली तेवढीच असतात, हे त्यांचं प्रमेय होतं.

सकाळी तास नसला की रिकाम्या वर्गात शिरून ते फळाभर लिहीत. मग खडू ठेवून शेवटच्या बाकावर जाऊन बसत आणि लिहिलेलं वाचत, जणू दुसऱ्याच कोणी लिहिलंय. मी एकदा दारातून डोकावले तर म्हणाले, “या. हा गृहस्थ काय म्हणतोय ते बघतोय.”

एम.एस्सी.च्या वर्गात त्यांचा एक तास मी मुद्दाम मागे बसून ऐकला होता. ते सांगत होते की समीकरण तेच असलं तरी आकडे बदलले की ग्रुप बदलतो. “कॉम्प्लेक्स आकडे म्हणजे मोकळं रान. मधे शून्याची विहीर आहे. तुम्हाला पलीकडं जायचंय, तर वळसा घालून जा. रिअल आकडे म्हणजे बांध. पायापुरता. मधोमध तीच विहीर. अलीकडचा माणूस अलीकडे, पलीकडचा पलीकडे. म्हणून कॉम्प्लेक्समध्ये जो ग्रुप एकसंध असतो, त्याचे रिअलमध्ये दोन तुकडे पडू शकतात. आणि मोठा ग्रुप एकसंध दिसला तरी त्याच्या पोटातला लहान ग्रुप तुटलेला असू शकतो. हे विसरू नका. मोठमोठी माणसं इथं फसतात.” मुलांनी ते वाक्य वहीत उतरवून घेतलं. मीही घेतलं.

विभागात पहिला कॉम्प्युटर आला तेव्हा गणिताची चिन्हं टाइप करायचं सॉफ्टवेअर मी उन्हाळ्याच्या सुट्टीत शिकून घेतलं. सरांचा प्रबंध मीच टाइप केला. मीच मागून घेतला होता. ते रोज दहा-बारा पानं आणून देत, शाईपेननं लिहिलेली, ओळ सरळ, खाडाखोड नाही. जूनमध्ये चौथं प्रकरण आलं. सत्त्याण्णवावं पान टाइप करताना माझा हात थांबला. तिथं एक लहान ग्रुप येत होता, पोटातल्याही पोटातला, आणि त्याच्याविषयी सरांनी लिहिलं होतं की हा ‘क्लिअरली’ एकसंध आहे.

अख्ख्या प्रबंधात तो शब्द त्या एकाच जागी होता.

मला आधी हसू आलं. समासात पेन्सिलीनं ‘कोणाला?’ लिहावं आणि पान परत द्यावं, असं मनात आलं. मग मी कच्च्या कागदावर स्वतःच करून बघायला बसले. सगळ्यात लहान उदाहरण घेतलं, दोन ओळी आणि दोन रकान्यांचं. कर्णावर एक आकडा आणि त्याचा व्यस्त. आकडा धन असू शकतो, ऋण असू शकतो, शून्य असू शकत नाही. तोच बांध आणि तीच विहीर. लहान ग्रुपाचे दोन तुकडे पडत होते. मी दोनदा केलं, तिसऱ्यांदा केलं.

नंतर मी तो कागद चुरगाळून टाकला आणि पान जसंच्या तसं टाइप केलं.

का, याचं उत्तर मी स्वतःला वेगवेगळ्या वेळी वेगवेगळं दिलं आहे. माझंच काहीतरी चुकत असेल, हे एक. सर अकरा वर्षं यात आहेत, मी अकरा दिवस नाही, हे दुसरं. पण खरं कारण असं की ते चूक असायला मला नको होतं. त्यांची आई पंच्याहत्तरी ओलांडलेली होती. पीएच.डी.वाचून अडलेली त्यांची बढती होती. विभागाला नुकतीच संशोधन केंद्राची मान्यता मिळाली होती आणि ही आमची पहिली पीएच.डी. असणार होती. ‘आपल्याला काय कळतंय’ असं म्हटलं की नम्रपणाही होतो आणि सुटकाही होते. मी ते म्हटलं. पुढे दोन परीक्षकांचे अहवाल आले, दोघांनीही उत्तम शेरे दिले. तेव्हा मला वाटलं, बरं झालं आपण तोंड उघडलं नाही.

फेब्रुवारीत तोंडी परीक्षा ठरली. आमच्याच कॉलेजात, सगळ्यांसाठी खुली. प्राचार्यांनी सभागृह झाडून घेतलं, दारात रांगोळी काढवून घेतली. पुण्याहून सरांचे मार्गदर्शक आले. बाहेरचे परीक्षक दक्षिणेतून आले होते, ते हिंदी-इंग्रजी बोलत, मराठी समजून घेत. पहिल्या रांगेत सरांची आई नऊवारीत, हातात पिशवी घट्ट धरून. शेजारी सरांची पत्नी. त्या महापालिकेच्या शाळेत शिक्षिका होत्या, त्यांना आम्ही वहिनी म्हणत असू. दादा शेवंतीचे दोन घसघशीत हार करून घेऊन आले होते. टोपलीवर ओलं फडकं होतं.

सर वीस मिनिटं शांतपणे बोलले. प्रमेय मांडलं, आधी कोणी काय केलं ते सांगितलं. मग म्हणाले, “आता चौथ्या प्रकरणातली एक पायरी.” त्यांनी ते वाक्य प्रबंधात होतं तसंच इंग्रजीत फळ्यावर लिहिलं. ‘क्लिअरली’वर आडवी रेघ ओढली आणि वर लिहिलं, ‘कोणाला?’

मागची मुलं खळाळून हसली. मी हसू शकले नाही.

सरांनी खाली दोन ओळी, दोन रकाने मांडले. कर्णावर आकडा आणि त्याचा व्यस्त. तेच उदाहरण. मग परीक्षकांकडे वळून म्हणाले, “हा ग्रुप एकसंध नाही. दोन तुकडे आहेत. परवा सकाळी मी हे प्रकरण फळ्यावर लिहून वाचत होतो, तेव्हा मला दिसलं. म्हणजे माझी यादी अपुरी आहे. ‘हीच सगळी’ असं मी म्हटलंय, ते खोटं आहे.”

बाहेरचे परीक्षक उठून फळ्याजवळ गेले, चष्मा वर करून बघत राहिले. मग हळू आवाजात म्हणाले, “देखिए, दिस कॅन बी रिपेअर्ड. एक हायपोथिसिस डाल दीजिए, कि सबग्रुप कनेक्टेड हो. डिग्री रुकने की कोई बात नहीं है.”

“ते मी करून बघितलं सर,” सर म्हणाले. “ती अट घातली की जे उरतं ते आधीच माहीत आहे. दुसऱ्यांनी केलेलं आहे. त्याच्यावर माझं नाव कसं टाकू?”

पुण्याचे मार्गदर्शक काठीवर रेलून उभे राहिले. म्हणाले, “अरे, परवा कळलं तर मला फोन का नाही केलास?”

“सर, तुम्ही आजचा दिवस पुढे ढकलला असता. मग सहा महिन्यांनी आपण गुपचूप काहीतरी बदललं असतं. ज्यांनी वाचून पसंती दिली त्यांच्यासमोरच मला हे सांगायचं होतं.”

यात थोडा अहंकार होता का? मी पुष्कळदा विचार केला आहे. असेलही. तीन दिवस घरी कोणाला न सांगता हार गुंफू देणारा माणूस सगळाच साधा नसतो.

दादा दोन पावलं पुढे आले. “म्हंजे नापास झाला का रे?”

“नाय दादा. काम राहिलंय.”

“अकरा वर्षं झाली ना.”

“झाली.”

दादांनी टोपलीवरचं फडकं नीट केलं. तेवढ्यात पहिल्या रांगेतून आजींनी, सरांच्या आईनं, सुनेला विचारलं, “झालं का गं ह्याचं? हार घालायचा का आता?”

वहिनींनी मान खाली घातली. सर आईजवळ गेले, तिच्या हातात हार दिला आणि म्हणाले, “आई, त्या साहेबांना घाल. लय लांबून आलेत.” आजींनी हार घातला. बाहेरचे परीक्षक हार घालून उभे राहिले. कुठं बघावं ते त्यांना कळत नव्हतं.

सरांनी प्रबंध रीतसर मागे घेतला.

त्यानंतरच्या आठवड्यात वहिनी मला बाजारात भेटल्या. भाजीची पिशवी खाली ठेवून म्हणाल्या, “मॅडम, मला डिग्रीचं दुःख नाही. त्यांना तीन दिवस माहीत होतं. मला सांगितलं असतं तर मी आईंना आणलं नसतं. तीन दिवस माझ्यासमोर जेवले, बोलले नाहीत.” मी त्यांची पिशवी उचलून त्यांच्या हातात दिली. त्यांना तीन दिवस माहीत होतं, मला आठ महिने. त्याच पावसाळ्यात आजी गेल्या. लेकाचं नक्की काय झालं ते त्यांना शेवटपर्यंत नीट समजलं नव्हतं.

पण त्याआधी, त्याच फेब्रुवारीत, मी एका रविवारी मखमलाबादला गेले. सर बांधावर बसून ॲस्टरच्या जुड्या बांधत होते. मला बघून त्यांनी गोणपाट पुढे सरकवलं. मी बसले नाही. उभ्यानंच सांगितलं. टाइप करताना थांबले होते, उदाहरण करून बघितलं होतं, कागद टाकून दिला.

“कोणतं पान?” त्यांनी विचारलं.

“सत्त्याण्णव.”

“कधी?”

“जूनमध्ये.”

त्यांनी हातातली जुडी पूर्ण बांधली. दुसरी घेतली, तीही बांधली. मग माझ्याकडे न बघता म्हणाले, “तुम्हाला वाटलं, मला डिग्री पाहिजे होती.”

“सर, मला वाटलं माझंच चुकतंय.”

“ते तुम्ही स्वतःला सांगितलंत. तीनदा करून बघितल्यावर माणसाला असं वाटत नाही.” तिसरी जुडी उचलत ते म्हणाले, “मॅडम, मला राग आलाय. तो असू दे आजचा दिवस. उद्या कॉलेजात बोलू.”

परत येताना रिक्षात मी रडले. माफ केलं असतं तर मला ते जास्त सोपं गेलं असतं.

दुसऱ्या दिवशी त्यांनी माझ्या टेबलावर एक कोरा कागद ठेवला. “जूनमध्ये जे विचारायचं होतं ते यावर लिहा. तुमच्या शब्दांत.” मी लिहिलं. त्यांनी वाचलं आणि म्हणाले, “चांगला प्रश्न आहे. दोन तुकडे असले की यादीत किती भर पडते? मला माहीत नाही. तुम्हाला?”

“मला कसं माहीत असणार?”

“मग मंगळवारी सकाळी बसू.”

आम्ही चार वर्षं मंगळवारी सकाळी बसलो. मी शिकवण्यापुरतं गणित शिकले होते. त्या चार वर्षांत मी पहिल्यांदा गणित केलं. सर मला एकही पायरी ओलांडू देत नसत. मी ‘हे दिसतंय’ म्हटलं की ते खडू माझ्याकडे देत. मी अडले की हू की चू न करता बसून राहत. कधी अख्खा तास असा जाई. एकदा मी वैतागून म्हणाले, “सर, तुम्हाला येतंय ना, सांगून टाका की.” ते म्हणाले, “मला येत नाहीये. मी तुमच्याच भरवशावर बसलोय.” आणि ते खरं होतं.

चार वर्षांनी सात पानांचा लेख झाला. मोठं प्रमेय नव्हतं. एवढंच, की अमुक जातीच्या ग्रुपांत यादी नेमकी कुठं अपुरी पडते, आणि त्याचं सगळ्यात लहान उदाहरण. सरांनी सुरुवातीला लिहिलं की या लेखातला मूळ प्रश्न माझा आहे. मी म्हटलं, “सर, तो मी विचारला नव्हता. तेच तर झालं.”

“उशिरा विचारलात,” ते म्हणाले. “पण विचारलात.” ते वाक्य त्यांनी काढलं नाही.

सिंहस्थ झाला त्या वर्षी सर निवृत्त झाले, लेक्चरर म्हणूनच. निरोपसमारंभात शाल घेतली, नारळ घेतला, भाषण करा म्हटल्यावर म्हणाले, “तयारी नाही.” दुसऱ्या दिवसापासून मळ्यात. पुढे एक वर्षाच्या आत त्यांचं ते जुनं प्रमेय, सगळे तुकडे धरून, सगळी यादी पुरी करून, परदेशातल्या दोन तरुणांनी सिद्ध केलं. इंटरनेटवर मला सापडलं. मी त्याची प्रत काढून मळ्यात नेऊन दिली. भीत भीतच. साठ पानं होती. त्यांनी महिनाभर वाचलं. मग एका सकाळी कॉलेजच्या दारात लुना उभी. मळलेल्या सदऱ्यात ते आत आले, रिकामा वर्ग बघितला आणि मला म्हणाले, “बसा, सांगतो.” दोन तास ते फळ्यावर लिहीत होते. कुठं अडखळले नाहीत. शेवटच्या ओळीखाली रेघ मारून म्हणाले, “बरोबर आहे. पोरांनी फार सुंदर केलंय.”

मी विचारलं, “सर, वाईट वाटलं का?”

या एका प्रश्नाचं उत्तर त्यांनी लगेच दिलं. “वाटलं. पहिले दोन दिवस जेवण गेलं नाही. मग वाचत गेलो तसं विसरलो.”

त्यानंतर काही वर्षांनी ते गेले. पोटाचं दुखणं होतं, फार दिवस नाही चाललं. कॉलेजनं शोकसभा ठेवली. तोपर्यंत मी विभागप्रमुख झाले होते आणि प्राचार्य नवीन आले होते. त्यांनी सरांना पाहिलेलंही नव्हतं. ऑफिसातून मिळालेल्या कागदावरून ते बोलत होते आणि दर वाक्याला सरांना ‘डॉक्टर’ म्हणत होते. डॉक्टरसाहेबांचं संशोधन, डॉक्टरसाहेबांची तळमळ. वहिनी पहिल्या रांगेत होत्या, शेजारी दादा, म्हातारे झालेले. दादांनी एकदा वर बघितलं, पुन्हा मान खाली घातली.

माझी पाळी आली तेव्हा मी सांगितलं की सर डॉक्टर नव्हते. का नव्हते तेही सांगितलं, पुढच्या रांगेतल्यांना कळेल अशा शब्दांत. आणि मग, ठरवलेलं नव्हतं, पण सांगून टाकलं, की ती चूक मला आठ महिने आधी दिसली होती आणि मी गप्प बसले होते. माईकला हात लागून कर्कश आवाज झाला. मी खाली येऊन बसले.

सभा संपल्यावर लोक पांगले. वहिनी जागच्या उठल्या नाहीत. मी त्यांच्यापुढं जाऊन उभी राहिले. बाजारातला तो दिवस त्यांनाही आठवत असणार. त्यांनी मला शेजारच्या खुर्चीवर बसवलं.

“जूनमध्ये?” त्यांनी विचारलं.

“हो.”

“त्यांना माहीत होतं?”

“नंतर कळलं. तोंडी परीक्षा झाली त्याच महिन्यात मळ्यात येऊन सांगितलं होतं मी त्यांना.”

वहिनींनी समोरच्या फोटोकडे बघितलं. “मी त्यांना विचारलं होतं,” त्या म्हणाल्या. “आई गेल्या तेव्हा. मी फार चिडले होते. म्हटलं, इतक्या जणांनी वाचलं, एकाच्याही लक्षात आलं नाही? त्या मॅडमनी तर अक्षर न् अक्षर टाइप केलं. त्यांनाही दिसलं नाही?”

“मग?”

“म्हणाले, टाइप करणारीला त्यातलं काय कळणार.”

तेव्हा आमचे मंगळवार सुरू होऊन चार-पाच महिने झाले होते. सर असं बोलले असतील यावर माझा विश्वास बसेना. स्वतः ऐकूनही वहिनींचा बसत नव्हता, असं त्यांच्या चेहऱ्यावरून दिसत होतं. तेहतीस वर्षांच्या संसारात त्यांनी या माणसाला एकदाही खोटं बोलताना ऐकलं नव्हतं, आणि एकदा ऐकलं ते त्यांना आज कळत होतं.

दादा दारात थांबले होते. वहिनींनी पदर सावरला, माझा हात धरून उठल्या आणि हात न सोडता दारापर्यंत चालल्या.